तपासणीस समाधानी

कारणे दाखवा नोटिशीला खुलासा

रकाना १. कर्मचाऱ्याचे पद व शिक्का क्रमांक:
ब्रेक तपासणीस. सात. चोवीस वर्षं.
(चोवीस वर्षं विचारलेली नाहीत. तरी लिहिली आहेत. खोडणार नाही.)

रकाना २. घटनेचा प्रकार. योग्य त्यावर खूण करा: उद्धट वर्तन / मालमत्तेचे नुकसान / कामात अडथळा.
तिन्हींवर खूण केली आहे.

रकाना ३. घटनेचे थोडक्यात वर्णन. जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.
तीन ओळींची जागा दिली आहे. तेवढ्यात माझा राग बसत नाही. वेगळा कागद जोडला आहे.

वेगळा कागद, पान पहिलं

मॅडम,

फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कोणत्याही भाषेत भरावा’ असं छापलं आहे. कंपनी परदेशी मालकांनी घेतल्याला चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत कंपनीने केलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट. तिचा पुरेपूर फायदा घेतो.

आपण लिफ्टचे ब्रेक बनवतो. हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण मनुष्यबळ विभाग तिसऱ्या मजल्यावर आणि ब्रेक तळमजल्यावर, म्हणून एकदा सांगून ठेवतो. लिफ्ट बटण दाबल्यामुळे थांबते असं लोकांना वाटतं. वाटू दे. ती थांबते ब्रेकमुळे. ब्रेक चाळीस वेळा लावून तापवायचा आणि मग तो किती घसरतो ते मोजायचं, हे माझं काम. चार मिलिमीटरपर्यंत पास. पुढे गेला की लाल चिठ्ठी. पास झाला तर मी पोलादी शिक्का आणि हातोडी घेऊन त्याच्यावर सात ठोकतो. स्वतः. माझ्या इमारतीतल्या लिफ्टवरही सातच आहे. माझ्या बायकोचे गुडघे कामातून गेलेत. पाचव्या मजल्यावरून ती रोज खाली येते ती माझ्या शिक्क्याच्या भरवशावर.

आता गुरुवार.

दर गुरुवारी चार वाजता काचेच्या खोलीत पडद्यावर चौकटी उघडतात. मधल्या मोठ्या चौकटीत वरचे साहेब. बाजूला एक मिशीवाला, एक मांजरवाल्या बाई (मांजर कायम, बाई अधूनमधून) आणि एक गृहस्थ, ज्यांचं फक्त कपाळ दिसतं. चौघं चार देशांतले. आपल्या बाजूने मी आणि आपला तरुण उपतपासणीस, ज्याला अख्खा कारखाना टायवाला म्हणतो. टायवाल्याला ब्रेक धरायला मी शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने तो उलटा धरला होता. आज तो मला ‘काका, चिल’ म्हणतो.

पहिल्याच गुरुवारी मी विचारलं, ब्रेकच्या आतल्या घर्षणाच्या अस्तराचा नवा माल कधी येणार? वरचे साहेब म्हणाले, “लेट्स सर्कल बॅक ऑन दॅट.” सगळे म्हणाले, “साउंड्स गुड.” मी पाच वाजेपर्यंत खोलीत बसून राहिलो, कोणीतरी फिरून येईल म्हणून. शेवटी झाडूवाल्या मावशी आल्या. “साहेब, उठता का? खुर्चीखालचं राहिलंय.”

मग वार्षिक मूल्यमापनात तुम्ही लिहिलंत: ‘तांत्रिक ज्ञान उत्तम. संवादात मागे.’

मागे! मॅडम, माझं पत्र ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’पासून निघून ‘युवर्स फेथफुली’पर्यंत पाय न घसरता पोचतं. माझ्या अहवालातला एक स्वल्पविराम चोवीस वर्षांत कोणाला हलवता आलेला नाही. पण तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणालात, “ते जुनं इंग्रजी झालं हो. आता असं कोणी बोलत नाही. सहा महिन्यांत संवादाची तिसरी पातळी पास व्हा, नाहीतर शिक्का ज्युनियरकडे द्यावा लागेल.” आणि माझ्या हातात पिवळं पुस्तक ठेवलंत. ‘रोजच्या बोलण्यातले नऊशे वाक्प्रचार.’ मुखपृष्ठावर कोट घातलेला पोपट.

पोपट. मी फार बोललो नाही. तिथेच चूक झाली.

वेगळा कागद, पान दुसरं
(इथे जे लिहिलं होतं ते बायकोने वाचून फाडलं. आता सभ्य भाषेत.)

मी शिकायला बसलो. शिकायचं कसं, हे मला एकाच पद्धतीने माहीत आहे. ब्रेक चाळीस वेळा लावतो, तसा प्रत्येक वाक्प्रचार चाळीस वेळा जिवंत माणसावर वापरायचा. घसरला नाही तर पास. घसरला तर तो लाल चिठ्ठीवर लिहून समोर टांगायचा. कारखान्यातल्या जुन्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा घरी होताच. आठवड्याभरात आरसा, पंखा, फ्रीज, बाल्कनीतली दोरी, सगळं लाल झालं. पाहुणे आले तर त्यांना वाटायचं, या घरातली एकही वस्तू चालत नाही.

“मलाही लावा एक,” बायको म्हणाली. “गुडघ्याला.”

नऊशेपैकी तीनशे तर असे, की क्रियापद तेच, फक्त शेपूट वेगळं. ‘पुट’ बघा. पुट ऑफ, पुट आउट, पुट अप, पुट अप विथ. एक गरीब क्रियापद, शेजारी कोण येऊन बसतो त्याप्रमाणे अर्थ बदलतो. पुढे ढकलणं, विझवणं, मुक्कामाला ठेवणं, सहन करणं. त्यातलं शेवटचं मला चटकन पाठ झालं. सहा महिने दुसरं काय करत होतो?

पहिल्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात. चाळिसातले सतरा वापर त्यांच्यावर झाले. त्यांनी रोज सकाळी जिन्यात चहा विचारायचा आणि मी ‘नॉट माय कप ऑफ टी’ म्हणायचं. अठराव्या दिवशी त्यांनी चहा विचारणं बंद केलं. बोलणंही बंद केलं. मग बायको त्यांच्या घरी जाऊन म्हणाली, “मनावर घेऊ नका, त्यांचा अभ्यास चालू आहे.”

पोस्टमास्तर हळहळले. “आधी नाही का सांगायचं? उपाय आहे माझ्याकडे. रोज एक वाक्प्रचार, उपाशीपोटी, मोठ्याने. वर कोमट पाणी.”

“पाण्याचा काय संबंध?” मी विचारलं.

“पाण्याचा कशाशीही संबंध असतो,” ते म्हणाले.

चौथ्या मजल्यावरच्या काकू लेकीकडे पाच महिने परदेशात राहून आल्या आहेत, म्हणून आम्ही त्यांना परदेशी काकू म्हणतो. त्यांनी माझं पिवळं पुस्तक उलटसुलट केलं. “हे कुठे बोलतात हो? तिकडे असं कोणीच बोलत नव्हतं.”

“मग काय बोलतात?”

“हाय म्हणतात. मग कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते सांगतात. मग बाय.”

मी मनात म्हटलं, या बाईंना काय कळतंय. मॅडम, हे वाक्य मी लेखी मागे घेतो. त्यांना तुमच्यामाझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

क्लास लावायचा ठरवलं. शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर संभाषण वर्ग आहे. खिडकीतली मुलगी म्हणाली, शाळेत इंग्रजी होतं याचा दाखला आणा. शाळेत गेलो. कारकून म्हणाला, अर्ज द्या, इंग्रजीत. मी तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. त्याने तो दोनदा वाचला, शेजारच्याला दाखवला आणि मला विचारलं, “एवढं सुंदर इंग्रजी येतंय, मग क्लास कशाला लावताय?”

“सुंदर आहे म्हणूनच,” मी म्हटलं.

“मग नाही देता येत. दाखला गरजूंसाठी असतो.”

चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मी मुद्दाम अर्जात सहा चुका केल्या. दाखला त्याच दिवशी मिळाला. वर्गातल्या सरांनी, वय असेल पंचवीस, पहिल्या दिवशी एक चित्र दाखवून वर्णन करायला सांगितलं. चित्रात एक कुटुंब लिफ्टमध्ये उभं होतं. मी दाराची फट, दिव्याची जागा आणि क्षमतेची पाटी नसल्याबद्दल सात मिनिटं बोललो. सर म्हणाले, “काका, भावना सांगा ना.” मी म्हटलं, “भीती.” मला पहिल्या पातळीत बसवलं.

राग गिळणं, नाकाला मिरच्या झोंबणं, कपाळावर आठ्या पडणं. माझ्या भाषेतले हे सगळे वाक्प्रचार मी त्या सहा महिन्यांत रोज वापरले, एकही पाठ न करता. आणि कोणाला कधी समजावून सांगावा लागला नाही. बायकोकडे नुसतं बघितलं तरी पुरायचं.

तिची गंमत वेगळीच. स्वयंपाक करता करता फ्रीजवरच्या चिठ्ठ्या वाचून तिला सगळं माझ्याआधी पाठ झालं. एकदा मी भाजी न आणण्याची कारणं सांगत होतो, तर ती कुकरकडे तोंड करून म्हणाली, “डोन्ट बीट अराउंड द बुश. पिशवी घ्या.”

शेवटी मी तिसरी पातळी पास झालो. पन्नासपैकी एकेचाळीस. पंख्यावरची शेवटची चिठ्ठी काढली. शिक्का माझ्याकडेच राहणार होता.

वेगळा कागद, पान तिसरं. इथपासून शांतपणे वाचावं. मला ते जमलेलं नाही.

वरच्यांनी निवडलेल्या स्वस्त पुरवठादाराकडून ब्रेकचं नवं अस्तर आलं. ते लावून चौऱ्याऐंशी ब्रेक तयार झाले. थंड असताना उत्तम. चाळीस वेळा लावले की घसरायचे. किती? एकोणीस मिलिमीटर. मी चौऱ्याऐंशी लाल चिठ्ठ्या बांधल्या आणि बुधवारी अहवाल पाठवला. तीन पानं, तक्ता, फोटो. कोणी उघडला नाही. अहवाल उघडायचा नाही, हा आता रिवाजच आहे. गुरुवारी बोलणं होणारच असतं ना.

गुरुवारी वरचे साहेब म्हणाले, नवा माल कसा आहे?

मी याच दिवसासाठी सहा महिने जीभ घासली होती. पान एकशे बारा, वाक्प्रचार चारशे तीस. चाळीसच्या चाळीस वेळा पास झालेला. माल लायकीचा नसेल तर इंग्रज म्हणतो, मोहरी कापत नाही. का म्हणतो ते त्यालाच माहीत. मी खुर्चीत सरळ झालो आणि स्पष्ट, सावकाश म्हटलं, “सर, धिस बॅच जस्ट डझ नॉट कट द मस्टर्ड.”

मला वाटलं, चला, लागली बरोबर जागी.

वरचे साहेब हसले. मग मिशीवाला हसला. बाई हसल्या, कपाळ हललं. “साउंड्स गुड,” साहेब म्हणाले. “साउंड्स गुड,” तिघं म्हणाले. टायवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काका, क्या बात है!”

शुक्रवारी मी रजेवर होतो. गुडघ्याच्या डॉक्टरांनी बायकोला बोलावलं होतं. त्याच सकाळी बैठकीचं इतिवृत्त निघालं. त्यातली ओळ जशीच्या तशी देतो: ‘नव्या मालावर सकारात्मक चर्चा झाली. तपासणीस समाधानी आहे.’

सोमवारी आलो तर चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या केराच्या डब्यात. आणि प्रत्येक ब्रेकवर सात.

मॅडम, शिक्का माझ्या टेबलाच्या खणात असतो आणि त्या खणाची दुसरी किल्ली तुमच्या कपाटात. ती तुम्ही टायवाल्याला दिलीत. मी टायवाल्याला विचारलं, “हे कोणी ठोकलं?”

“मीच, काका. दोन दिवस लागले. तुम्ही समाधानी होता ना? इतिवृत्तात आलंय.”

“मी काय म्हटलं होतं, तुला कळलं होतं?”

“म्हणजे… मूड कळला होता.”

“आणि हसलास कशाला?”

“सगळे हसले म्हणून.”

एकेक आकडा बघितला. माझ्या सातची मान किंचित डावीकडे कललेली असते, हात तसा बसलाय. हे सगळे ताठ होते. माझं नाव दुसऱ्याच्या अक्षरात चौऱ्याऐंशी वेळा. फाटकाशी लॉरी उभी होती, निम्मी भरलेली.

पहारेकऱ्याला म्हटलं, लॉरी सोडू नकोस. तो म्हणाला, “साहेब, तुमचं ऐकलं असतं, पण कागद बरोबर आहे. समाधानी लिहिलंय.” मी पुढच्या चाकासमोर एक खोकं ओढलं आणि त्यावर माझा जेवणाचा डबा ठेवला. “मी परत येईपर्यंत हा हलवायचा नाही.” लॉरीवाला भला माणूस. डब्याला वळसा घालणार नाही म्हणाला.

काचेची खोली बंद. दारावर पाटी: ‘आरक्षित. प्रभावी संवाद, प्रास्ताविक सत्र.’ आत तुम्ही होतात, मॅडम. आठ जणांना पिवळी पुस्तकं वाटत होतात. इथून पुढे नोटिशीत लिहिलेलं सगळं खरं आहे. मी न विचारता आत आलो. मी तुम्हाला ‘बाजूला व्हा’ म्हटलं. मी पडद्यावर वरच्या साहेबांना फोन लावला, सोमवार असताना. आणि चौघंही चौकटीत आले तेव्हा हातातला साडेतीन किलोचा ब्रेक मी काचेच्या टेबलावर ठेवला. नोटिशीत ‘आपटला’ आहे. ठीक आहे. आपटला.

“गुरुवारी मी एक वाक्य बोललो,” मी म्हटलं. सगळं इंग्रजी गळून पडलं होतं, नुसते शब्द उरले होते. “मस्टर्ड. त्याचा अर्थ काय? एकेकाने सांगा. साउंड्स गुड कोणी म्हणायचं नाही.”

मिशीवाल्याने मिशीला हात लावला. मांजरवाल्या बाईंनी मांजर पुढे धरलं. कपाळ चौकटीतून खाली गेलं. माझ्या मागोमाग आत आलेला टायवाला टायकडे बघत होता.

मग वरच्या साहेबांनी खाली वाकून खणातून काहीतरी काढलं. पिवळं पुस्तक. कोट घातलेला पोपट. माझ्या पुस्तकापेक्षा त्यांचं जास्त फाटलेलं.

“पेज?” त्यांनी विचारलं. आवाज एवढासा.

“वन हंड्रेड ट्वेल्व्ह.”

ते पानं उलटू लागले. बोटाला थुंकी लावून, माझे वडील उलटायचे तशी. सापडलं. ओठ हलवत वाचलं. चेहरा उतरत गेला.

“बॅड?”

“बॅड,” मी म्हटलं.

“हाउ बॅड?”

मी अंगठा आणि तर्जनी पडद्यासमोर धरली. चार मिलिमीटर दाखवले. मान डोलावली. मग बोटं फाकवली. एकोणीस. मान हलवली. मग तळहात आडवा धरला आणि तो हळूहळू खाली नेला, टेबलाच्या कडेच्याही खाली, दिसेनासा होईपर्यंत.

बाईंनी मांजर सोडून दिलं.

“लॉरी?” साहेबांनी विचारलं.

“गेट.”

“स्टॉप लॉरी,” ते म्हणाले. “स्टॉप, स्टॉप, स्टॉप.”

संपलं. नऊशेपैकी एकही लागला नाही.

नंतर कळलं, मॅडम. कंपनी विकली गेली तेव्हा वरच्या साहेबांना त्यांच्या मनुष्यबळ विभागाने सांगितलं होतं, तिकडचे लोक असंच बोलतात, शिका. मिशीवाल्यालाही, बाईंनाही. चौदा महिने सहा माणसं एकमेकांना समजावं म्हणून तीच भाषा बोलत होती, जी सहापैकी एकाच्याही घरात बोलली जात नाही. आणि कोणी कोणाला ‘कळलं नाही’ म्हणायला तयार नाही, कारण ते लिहिलं की मूल्यमापनात ‘संवादात मागे’.

आता साहेब बुधवारीच फोन करतात. माझा अहवाल समोर उघडलेला असतो. “गुड?” ते विचारतात. मी आकडा सांगतो. परवा त्यांनी त्यांच्या बायकोचाही गुडघा दाखवला.

चौऱ्याऐंशी सात मी स्वतः कानशीने घासून काढले. नऊ दिवस लागले. टायवाला तिसऱ्या दिवसापासून न सांगता शेजारी येऊन बसला. टाय खिशात. मी दुसरी कानस त्याच्याकडे सरकवली.

रकाना ४. मालमत्तेचे नुकसान:
काचेच्या टेबलाला एक तडा. लांबी एकोणीस सेंटीमीटर. मोजली आहे.

रकाना ५. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो का?
होय. गुरुवारी मी सरळ ‘माल वाईट आहे’ म्हटलं नाही, याचा. पन्नासपैकी एकेचाळीस मिळाल्याच्या ताठ्यात होतो. टायवाल्याने फक्त शिक्का ठोकला. पहिला घाव माझा.

रकाना ६. सुधारणा योजना मान्य आहे का?
नोटिशीसोबत जोडलेली योजना वाचली. ‘संवादातील दरी लक्षात घेता सर्व सहभागींना पुढील पातळीचे प्रशिक्षण देण्यात येईल.’ सोबत पुस्तकाचा दुसरा भाग, आणखी नऊशे. मुखपृष्ठावर आता पोपट दोन आहेत.

मान्य नाही.

रकाना ७. असा प्रकार पुन्हा घडणार नाही, याची लेखी हमी:
घडेल. जेव्हा जेव्हा मी न बोललेलं कोणी लिहील, किंवा बोललेलं न कळता मान डोलावेल, तेव्हा घडेल. टेबल लाकडाचं करून घ्यावं.

रकाना ८. सोबत जोडलेली कागदपत्रे:
वेगळे कागद तीन. पिवळी पुस्तकं दोन, परत. लाल चिठ्ठी एक. ती या फॉर्मलाच बांधली आहे, सोडू नये.

रकाना ९. स्वाक्षरी अथवा शिक्का:
सात. मान डावीकडे कललेली आहे, बघून घ्यावं.